एका ट्रंकेत मावेल तेवढंच

सण संपून ऋतू बदलला होता. इमारतीतल्या बाकी सगळ्यांनी आपापले दिवे, चांदण्या आणि पताका उतरवून गुंडाळून ठेवल्या होत्या. ज्यांना गुंडाळायचा कंटाळा होता त्यांनी निदान प्लग तरी काढून ठेवला होता. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या एका दाराभोवती सगळं अजून जसंच्या तसं होतं. कागदी चांदण्यांचा सोनेरी रंग धुळीने चहाच्या रंगावर आला होता, आणि जिन्याच्या कठड्याला गुंडाळलेल्या हिरव्या झालरीला येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या घासून घासून एका बाजूने चक्क टक्कल पडलं होतं. नवीन माणसं, म्हणजे उदाहरणार्थ गॅसवाला, सहज विचारायची की घरात काही समारंभ आहे का. समारंभ नव्हता. घरातला माणूस गेला होता.

दरवर्षी सुट्ट्या संपल्यावर येणाऱ्या पहिल्या मोकळ्या रविवारी बाबा स्वतः सगळं उतरवायचे. यंदा तो रविवार यायच्या आधी ते गेले, आणि त्यानंतर ‘आता हे काढा’ असं म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. भेटायला येणारी माणसं त्या चांदण्यांखालीच बसून हळहळली. एका दूरच्या आत्याने पंखा लावायला म्हणून भलतंच बटण दाबलं, तेव्हा सगळ्यांनी आधी लाल, मग हिरव्या, मग पुन्हा लाल उजेडात डोळे पुसले. अशा वेळी उठून दिवे बंद करणंही बरं दिसेना आणि चालू ठेवणंही. शेवटी वीजच गेली, तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मोकळेपणाने रडून घेतलं.

असे काही महिने गेल्यावर इमारतीच्या सचिवांचं पत्र आलं. जिन्याला रंग द्यायचं ठरलं होतं, सोमवारी रंगारी येणार होते. पत्र बाबांच्याच नावाने होतं, कारण दप्तरात अजून नाव बदललं नव्हतं. ‘आपणांस वारंवार तोंडी सूचना देऊनही आपण सदर सजावट काढलेली नाही’ अशी त्याची सुरुवात होती. आईने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, वारंवार सांगूनही न ऐकण्याची त्यांची सवय जुनीच आहे. मग तिने थोरल्या लेकीला फोन केला.

थोरली दुसऱ्या गावात एका मोठ्या ग्रंथालयात नोकरीला होती. पुस्तकांचं वर्गीकरण हे तिचं काम. कुठल्याही विषयावरचं, कुठल्याही आकाराचं पुस्तक तिच्या हातात दिलं तर ते कुठल्या दालनात, कुठल्या फळीवर जाईल हे ती उभ्याउभ्या सांगत असे, आणि या गोष्टीचा तिला, उघड नाही पण आतून, बराच अभिमान होता. थोडे दिवे आणि थोडा कागद म्हणजे काय मोठंसं. एका सकाळचं काम. रजा मात्र तिने पूर्ण आठवड्याची घेतली, कारण उरलेले दिवस आईजवळ बसायचं, जमलं तर बोलायचं, असं तिच्या मनात होतं. बाबा गेल्यापासून दोघींचं बोलणं म्हणजे जेवलीस का आणि गोळी घेतलीस का एवढंच उरलं होतं.

उतरवायचं काम खरोखरच एका सकाळी झालं. स्टुलावर चढून थोरलीने दारावरचं, गॅलरीतलं, दिवाणखान्यातलं, जिन्यातलं सगळं खाली काढलं आणि सतरंजीवर रचलं. ढीग सोफ्याच्या हातापर्यंत आला. मग तिने पोटमाळ्यावरून ट्रंक ओढून काढली. पत्र्याची, हिरव्या रंगाची, एका कडीला तार बांधलेली. थोरलीने ढिगाकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, आणि दुसरी ट्रंक कुठे आहे असं विचारलं.

दुसरी ट्रंक नव्हती. ती कधीच नव्हती. या घराचा एक कायदा होता, आणि तो आईने केला होता. लग्नानंतर लवकरच, बाबांची सजावटीची हौस घराबाहेर ऊतू जाते आहे असं दिसल्यावर तिने सांगून टाकलं होतं: एक ट्रंक. तिच्यात मावेल तेवढी हौस करा, वर उरेल ते भंगारवाल्याला. बाबांनी कबूल केलं. त्यानंतर ते दरवर्षी नवीन काहीतरी आणत गेले, चांदण्या वाढल्या, दिवे वाढले, शेवटच्या काही वर्षांत तर सजावट घरातून निघून जिन्याने खालपर्यंत उतरली. आणि दरवर्षी ती त्याच एका ट्रंकेत मावत गेली. ते सगळं कसं भरतात हे कुणी पाहिलं नव्हतं. त्या रविवारी धुळीचा त्रास नको म्हणून ते आईला मावशीकडे पाठवायचे, दिवाणखान्याचं दार लावून घ्यायचे, आणि संध्याकाळी आई परत आली की भिंती रिकाम्या आणि ट्रंक पोटमाळ्यावर. सणाआधी लावायच्या दिवशीही असंच. बाबांनी सगळी नोकरी टपालखात्यात, पार्सलांच्या विभागात काढली होती, त्यामुळे आईला यात आश्चर्य नव्हतं, फक्त कौतुक होतं. नातेवाइकांत, शेजारात, शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत तिने हे कौतुक इतकं सांगितलं होतं की इमारतीतल्या बऱ्याच नवऱ्यांना ते तोंडपाठ होतं.

गंमत अशी की आई स्वतः शाळेत गणित शिकवायची. पण गणित शाळेत. घरी नवऱ्यावर विश्वास.

थोरलीने पहिल्या दिवशी रंगांप्रमाणे भरून पाहिलं, मग आकाराप्रमाणे, मग जे मोडणार नाही ते तळाशी या तत्त्वावर. प्रत्येक वेळी अर्ध्याहून जास्त ढीग बाहेर राहिला. आई खुर्चीत बसून बघत होती. ती टीका करत नव्हती. प्रत्येक खेपेला फक्त एवढंच म्हणायची, “त्यांना जमायचं.” आणि थोड्या वेळाने, जणू थोरलीला धीर यावा म्हणून, “आणि यंदा तर त्यांनी कमीच लावलं होतं.”

ज्या बाईने एकदा पुराच्या पाण्यातून वाचवलेली तीन कपाटं भरून पुस्तकं दोन कपाटांत बसवली होती, तिला हे ऐकून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सल्ले सुरू झाले. समोरच्या काकू वाटीभर साखर परत करायला म्हणून आल्या आणि दिव्यांची माळ वर्तमानपत्राच्या सुरळीवर कशी गुंडाळायची ते दाखवून गेल्या. त्याने माळ सुटसुटीत झाली, पण आता प्रत्येक माळेबरोबर एक सुरळीही ट्रंकेत ठेवायची होती. धाकट्या भावाने परदेशातून फोनवर सांगितलं की ताई, तू अजून कुठल्या जमान्यात आहेस, हवा काढून घेणाऱ्या पिशव्या मिळतात, रजई अशी एवढीशी होते. त्याने त्या लगेच मागवूनही दिल्या. थोरलीने सगळ्या कागदी चांदण्या एका पिशवीत घातल्या, तोंड बंद केलं, व्हॅक्युम क्लीनरची नळी लावली आणि बटण दाबलं. पिशवीने एक लांब श्वास आत ओढला. चांदण्या खरोखरच एवढ्याशा झाल्या. पण रजई आणि कागद यांच्यात एक मूलभूत फरक आहे, आणि तो धाकट्याच्या लक्षात आला नव्हता: हवा परत दिली की रजई फुगते.

आईने त्या चपट्या चांदण्यांपैकी एक उचलून उजेडाकडे धरली.  ‘त्यांना जमायचं’ हेसुद्धा म्हणाली नाही. थोरलीला वाटलं, त्यापेक्षा म्हणाली असती तर बरं झालं असतं. तो दिवस चांदण्यांच्या एकेका टोकात पेन्सिल घालून ती फुगवण्यात गेला.

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर, ज्यांना सगळे इंजिनियरकाका म्हणत, मोजपट्टी घेऊन आले. त्यांनी ट्रंक आतून मोजली, ढीग बाहेरून मोजला, कागदावर बराच वेळ आकडे मांडले आणि शेवटी पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले की कागदावर तरी हे बसत नाही. आई म्हणाली, कागदावर नसेल बसत, ते ट्रंकेत बसवायचे. यावर इंजिनियरकाकांनी तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग एकाएकी पाणी मागितलं. पाणी पिऊन, बाबांच्या हाताला काही वेगळीच कला होती असं पुटपुटत ते गेले. मोजपट्टी विसरले. काकूही अशाच मधूनच बोलता बोलता थांबायच्या, ट्रंकेकडे बघायच्या आणि कुकर लावलाय म्हणून उठायच्या. थोरलीला वाटलं, माणूस गेलेल्या घरात लोकांना असं अवघडतंच.

मग तिने जे कुणीही शहाणं माणूस आधीच करतं ते केलं: प्लास्टिकची मोठी झाकणवाली खोकी विकत आणली. आईने त्यांच्याकडे पाहून विचारलं, ही ट्रंक आहे का. थोरलीने समजावून सांगितलं की वस्तू नीट राहणं महत्त्वाचं, भांडं कुठलं ते नव्हे, काळाप्रमाणे नियमही बदलावे लागतात. ग्रंथालयाच्या बैठकांमध्ये ती असं बोलली की लोक माना डोलवत असत.

“तो नियम आमच्या दोघांत होता,” आई म्हणाली. “एकीने कसा बदलायचा?”

 मग नियमाप्रमाणे उरलेलं भंगारात द्यायचं का, असं तिने विचारलं. विचारल्याबरोबर तिला ते परत घ्यावंसं वाटलं. आई उठली, ढिगाजवळ गेली. एक निळी झालर उचलली, खाली ठेवली. एक काचेचा गोळा उचलला, पदराने पुसला, खाली ठेवला. असं बराच वेळ चाललं. मग ती पुन्हा खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, “यातलं काही देववत नाही मला. आणि ठेवायचं तर मावत नाही. तूच बघ काय ते. फक्त त्यांनी ठेवलं असतं तसं व्हायला हवं.”

म्हणजे पेच असा होता की टाकायचं नाही, कायदा मोडायचा नाही, आणि थोरलीची रजा संपत आली होती.

तरीही थोरलीने, ऐन वेळी पळवाट असावी म्हणून, खोकी पोटमाळ्यावर चढवून पाहिली. ती पोटमाळ्याच्या दारातून आत जाईनात, बोटभर अडली. सुतार आला. त्याने दाराची चौकट ठोकून पाहिली, खेदाने मान हलवली, दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट उखडली आणि मापाची पट्टी दुकानातून घेऊन येतो म्हणून जो गेला तो गेलाच. फोन केला की दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला ठोकण्याचा आवाज यायचा. दारं नसलेल्या त्या पोटमाळ्यातून आता एक जुनी गादी दिवाणखान्यात वाकून बघत होती आणि मधूनमधून कापूस गाळत होती. आई म्हणाली, सकाळी गादी वीतभर खाली घसरली तेव्हा मी दचकले नाही, कारण मी तिच्याकडेच बघत होते.

सगळे मार्ग खुंटल्यावर थोरली सचिवांकडे गेली. तळमजल्यावर जिन्याखाली इमारतीची सामायिक कोठी होती. त्यात कोपऱ्यापुरती जागा मिळाली तर चार दिवस ढीग तिथे ठेवावा, असा तिचा विचार होता. सचिव विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले होते आणि शब्द तोलून वापरत. त्यांनी आधी शोक व्यक्त केला. मग सांगितलं की सामायिक कोठीत खाजगी सामान ठेवायला सक्त मनाई आहे, ही तरतूद आपण स्वतः घातली आहे. अपवाद करायचा तर सभासदाचा अर्ज लागेल. सभासद बाबा आहेत. थोरलीने आठवण करून दिली की बाबा नाहीत. सचिव म्हणाले की ते मान्यच आहे, पण दप्तरी आहेत. तर आधी दाखला आणून नाव बदलून घ्यावं, नाव बदललं की अर्ज करावा, आणि अर्ज आला की आपण तो नियमाप्रमाणे नामंजूर करू.

थोरली आयुष्यात कुणाशी आवाज चढवून बोलली नव्हती. ग्रंथालयात तशी सोयच नसते. तिने अगदी हळू आवाजात विचारलं की ज्यांनी इतकी वर्षं अख्खा जिना स्वतःच्या हाताने सजवला त्यांच्या सामानाला जिन्याखाली कोपरा नाही का. सचिवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जागाच नाही हो, ते म्हणाले, पटत नसेल तर डोळ्यांनी बघा. आणि रागाच्या भरात किल्ली घेऊन त्यांनी स्वतःच कोठी उघडली.

ही त्यांची चूक झाली.

कोठीत झाडू होते, पंपाचे सुटे भाग होते, एक मोडकी शिडी होती. आणि शिडीच्या मागे, भिंतीला टेकून, एक गोल गाठोडं होतं. ते एका जुन्या पडद्यात बांधलं होतं. पडद्यावर शिडाच्या होड्या होत्या. थोरली लहानपणी ताप आला की याच होड्या मोजत पडून राहायची. सुतळी आडवी-उभी घेतलेली, मध्ये गाठ, आणि बोट अडकवून उचलता यावं म्हणून वर एक फासा. अशी गाठ टपालखात्याच्या पार्सल विभागाखेरीज कुणी मारत नाही.

सचिव बराच वेळ पंपाच्या भागांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “शब्द दिला होता हो मी. वहिनींच्या कानावर जाऊ द्यायचं नाही म्हणून.”

इमारतीत कुठलीही बातमी जिन्यापेक्षा लवकर वर पोचते. थोरली ते गाठोडं घेऊन घरात शिरते न शिरते तोच समोरच्या काकू दोन चादरी काखेत मारून, पदराला हात पुसत आल्या आणि भडाभडा बोलून मोकळ्या झाल्या. दोन गाठोडी त्यांच्या माळ्यावर असायची, कित्येक वर्षं. डोक्याला पंचा बांधून, तोंडावर बोट ठेवून बाबा ती घेऊन यायचे. सणाआधी घेऊन जायचे. आपल्याखेरीज हे कुणाला ठाऊक नाही असंच त्या समजत होत्या. पाठोपाठ पहिल्या मजल्यावरचे शिंपीमामा आले, एका हातात एक आणि काखेत एक अशी दोन गाठोडी घेऊन. तेही असंच समजत होते. वहिनींनी छडा लावला आहे आणि आता जो तो आपापल्याकडचा माल परत करतो आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. शेवटी इंजिनियरकाका जिना उतरून आले. त्यांचं गाठोडं सगळ्यांत मोठं होतं. “वहिनी,” ते म्हणाले, “कागदावर बसत नव्हतं ते म्हणूनच. मी खोटं बोललो नाही. थोडं कमी बोललो.”

तर परिस्थिती अशी झाली की जागा शोधायला गेलेली थोरली ढीग दुप्पट करून बसली. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ट्रंक त्यात कुठेतरी बुडाली होती. गाठोड्यांभोवती उभे असलेले शेजारी, चोरीचा माल पकडला गेल्यावर पंचनाम्याला थांबलेल्या साक्षीदारांसारखे, एकमेकांकडे न बघता उभे होते. सगळे आईच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं तिने ज्या कलेचं कौतुक केलं ती अशी तिच्या सतरंजीवर उघडी पडली होती.

आई आधी चिडली. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच चिडत होती, आणि थोरलीला ते बघून मनातल्या मनात बरं वाटलं. म्हणजे हा माणूस दरवर्षी मला मावशीकडे पाठवून चोरट्यासारखा गाठोडी घेऊन जिने चढत उतरत होता, ती म्हणाली. शिंपीमामांच्या बायकोला तिने तोंडावर ऐकवलं होतं की तुझ्या नवऱ्याला साधी पिशवी नीट भरता येत नाही, आमच्याकडे बघा. आणि तेव्हा शिंपीमामा बाजूलाच उभे होते. शिंपीमामांनी मान खाली घालून ते खरं असल्याचं सांगितलं. तुम्ही ऐकून कसं घेतलंत, असं आईने विचारल्यावर बाबांना दादा म्हणणारे शिंपीमामा म्हणाले, “दादा म्हणायचे, तेवढं एक ऐकून घे, तिला फार आनंद होतो ते सांगताना.”

 आईची नजर गाठोड्यांवरून फिरू लागली. ती उठून एकेकाला हात लावून बघू लागली. कोठीतलं जड होतं. शिंपीमामांची दोन्ही जड होती. इंजिनियरकाकांचं तर सगळ्यांत जड.

“ही भरलेली आहेत,” ती म्हणाली.

काकूंची दोन तेवढी भरलेली नव्हती. त्यांच्या काखेत नुसत्या घडी घातलेल्या दोन चादरी होत्या. त्यांतलं सामान बाबांनी सणाआधी नेलं होतं, तेच भिंतींवर लागलं होतं. आईने पुन्हा एकदा सगळ्यांकडे पाहिलं. तळमजला, पहिला मजला, तिसरा मजला. गणित शिकवणारीला याहून जास्त पायऱ्या मांडाव्या लागल्या नाहीत.

“आपल्या मजल्यावरचं तेवढं आणलं,” ती म्हणाली. मग इंजिनियरकाकांना विचारलं, “यंदा तुमच्याकडे आलेच नाहीत?”

“नाही आले.” काका गाठोड्याची सुतळी नीट करत राहिले. “मी फोन केला होता. म्हटलं, मीच आणून देतो खाली. तर म्हणाले, नको, घरात कळेल. म्हणाले, यंदा जिना नको वाटतोय.”

“मला म्हणाले, यंदा सुटसुटीत करू,” आई म्हणाली. “मी म्हटलं, वा. उशिरा का होईना, शहाणपण आलं.”

 पोटमाळ्यातून थोडा कापूस खाली आला आणि शिंपीमामांच्या खांद्यावर बसला. त्यांनी तो झटकला नाही.

थोरलीला वाटलं, आता आई रडेल. तिने पाण्याचा तांब्याही आणून ठेवला. पण आईने चष्मा चढवला आणि ट्रंक मोकळी करायला सांगितली. मग तिने स्वतः खाली बसून वाटणी सुरू केली. काकूंच्या दोन चादरींमध्ये जेवढं मावलं तेवढं बांधलं, उरलेलं ट्रंकेत भरलं. झाकण एका हाताने लागलं. थोरलीने आठवडाभर जिच्याशी झुंज घेतली होती ती ट्रंक मांजरासारखी गुपचूप मिटली. बाकीची गाठोडी आईने उघडलीही नाहीत. ती जिथून आली तिथे जातील, तिने सांगितलं. त्यांनी ठेवलं होतं तसं.

सचिवही एव्हाना दारात येऊन उभे राहिले होते. सामायिक कोठीतल्या खाजगी सामानाबद्दलची तरतूद, असं त्यांनी सुरू केलं.

“पत्र पाठवा,” आई म्हणाली. “त्यांच्याच नावाने पाठवा. ते ऐकत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे.”

सचिवांनी होड्यांचं गाठोडं फाशात बोट अडकवून उचललं आणि खाली गेले. शिंपीमामा आपली दोन घेऊन गेले. काकूंनी आपली दोन समोर नेली, आणि या वेळी दार लोटून न घेता, उघडं ठेवून माळ्यावर चढवली. इंजिनियरकाका वाकून आपलं उचलू लागले, तर आईने त्यांना थांबवलं. तुम्ही पुढे व्हा, म्हणाली, मी आणते. थोरली म्हणाली, आई, मी नेते, तुझे गुडघे. आईने ऐकलं नाही. बाबा गेल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. आता तिने चपला घातल्या, फाशात बोट अडकवलं आणि त्या उघड्याबोडक्या कठड्याला धरून चढायला लागली. थोरली मागून गाठोड्याला खालून हात लावत राहिली. आईला ते कळू नये एवढाच.

वरच्या वळणावर आई थांबली. तिला धाप लागली होती. तिने गाठोडं पायरीवर टेकवलं आणि त्याच्या शेजारी बसली. थोरली एक पायरी खाली बसली. वळणावर एक लहान खिडकी होती, तिच्यातून गच्चीवरच्या टाकीची नळी आणि थोडं आभाळ दिसत होतं. बघण्यासारखं काही नव्हतं. तरी आई बघत राहिली.

“हे घेऊन चढताना इथे बसत असतील का गं?”

थोरलीला माहीत नव्हतं. ग्रंथालयात कुणी असं विचारलं असतं तर याबद्दल नोंद उपलब्ध नाही, असं तिने सांगितलं असतं.

“बसत असतील,” ती म्हणाली.

आईने गाठोड्यावर हात ठेवला. श्वास हळूहळू खाली बसत होता, पण ती उठायची काही चिन्हं दिसेनात. वर दार उघडल्याचा आवाज आला. इंजिनियरकाका कठड्यावरून वाकून विचारत होते की वहिनी, जमत नाहीये का, येऊ का घ्यायला.

“येऊ नका,” आई वर न बघताच म्हणाली. “बसलोय आम्ही.”